चावीच्या ग्रामोफोनची लाकडी पेटी : घरच्या घरी दुरुस्ती आणि पॉलिश

रामबाग, नारायणबाग आणि राजवाड्याच्या आसपासचे आपले जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. कुटुंबे फ्लॅटमध्ये राहायला जातात, तेव्हा माळ्यावरचे सामान खाली येते आणि त्यात पुष्कळदा आजोबा-पणजोबांच्या काळचा चावीचा ग्रामोफोन निघतो. यंत्र बरेचदा ठीक असते. थोडी सफाई आणि ग्रीस एवढ्यावर ते फिरू लागते. पेटी मात्र काळवंडलेली, कोपऱ्यात उकललेली, झाकणावर पांढरे डाग पडलेली असते. तिच्याकडे पाहून घरचे म्हणतात, "आता हे कुठे ठेवायचे?" आणि यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

दुसराही एक प्रकार घडतो. घरातला कोणी हौसेने पेटी सुताराकडे देतो. सुतार त्याच्या सवयीप्रमाणे मशीनने घासून लाकूड पांढरे करतो, त्यावर मेलामाइनचा किंवा पीयूचा चकचकीत थर मारतो आणि चार दिवसांत "नवी" पेटी परत देतो. तिच्यावरचा शंभर वर्षांचा रंग, झाकणाच्या आतला चित्राचा ठसा आणि पातळ विनियर त्या घासण्यात गेलेले असते. ते परत आणता येत नाही.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. तो सावकाशीचा आहे, पण अवघड नाही. वेळ असलेल्या कोणाही सभासदाला, विशेषतः आमच्यासारख्या निवृत्तांना, घराच्या गच्चीत किंवा ओसरीत हे काम करता येते. त्याची माहिती क्रमाने देत आहे.

पेटी म्हणजे नुसते वेष्टन नव्हे

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. तो नळकांड्यावर आवाज उमटवत असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला आणि पुढे तोच आपल्याकडे रुजला. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर काही वर्षांतच संस्थानिकांच्या दरबारातून आणि वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांतून ही यंत्रे दिसू लागली. पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर आणि बालवयातले कुमार गंधर्व यांचे गाणे मराठी घरांत पोचले ते याच पेट्यांतून.

सुरुवातीच्या यंत्रांना वर मोठा कर्णा असे आणि पेटीत फक्त स्प्रिंगची मोटर. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने कर्णा पेटीच्या पोटात घातला आणि त्या यंत्राला व्हिक्ट्रोला हे नाव दिले. तेव्हापासून पेटी आवाजाचा भाग झाली. ध्वनी साउंडबॉक्समधून नळीसारख्या हातात, तिथून पोटातल्या कर्ण्यात आणि पुढच्या जाळीतून बाहेर येतो. आवाज कमीजास्त करायचा तर पुढची दारे लावायची किंवा उघडायची. अशा पेटीचा सांधा सैल असेल किंवा एखादी फळी सुटली असेल, तर खालच्या सुरांना खरखर ऐकू येते. लोक साउंडबॉक्सला दोष देतात. खरे कारण पुष्कळदा पेटीत असते. म्हणून पेटीची दुरुस्ती ही केवळ शोभेची बाब नाही.

आधी ओळख पटवून घ्या

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या हातात काय आहे ते पाहावे. जुन्या बाजारांत आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत नव्याने बनवलेले "जुने" ग्रामोफोन भरपूर मिळतात. एखाद्या सुटकेसवजा यंत्राची मोटर काढून ती नव्या चौकोनी किंवा अष्टकोनी पेटीत बसवतात, वर चकचकीत पितळी कर्णा लावतात आणि कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी खिळ्यांनी ठोकतात. खऱ्या यंत्राला पितळी कर्णा नसतोच असे नाही, त्यामुळे केवळ कर्ण्यावरून निकाल देऊ नये. पेटी उलटी करून तळ पाहावा. जुन्या लाकडाचा तळ एकसारखा काळपट असतो, स्क्रूच्या खाचा नीट बसलेल्या असतात, जुन्या भोकांचे बुजवलेले डाग नसतात. मोटरची फळी कापून-वाढवून बसवलेली दिसली तर शंका घ्यावी.

तळाला, मागे किंवा मोटरच्या फळीवर कागदी लेबल, क्रमांकाची पट्टी किंवा यंत्र विकणाऱ्या दुकानाची छोटी पट्टी असू शकते. ती कधीही काढू नये. आपल्या पणजोबांनी हे यंत्र मुंबईहून आणले की इथेच घेतले, हे सांगणारा तो एकमेव पुरावा असू शकतो. पुढच्या सगळ्या कामात त्या जागेवर पाणी, स्पिरिट किंवा घासकागद लावायचा नाही.

लाकूडही ओळखावे. ओक, महोगनी आणि साग ही नेहमी दिसणारी लाकडे. सगळी पेटी अखंड लाकडाची असेल असे समजू नये. बऱ्याच पेट्यांत आत साधे लाकूड आणि वर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, चिकटवलेला असतो. फळीच्या कडेकडे पाहिले की थर दिसतात. विनियर असेल तर मशीनने घासणे पूर्ण वर्ज्य.

साहित्य

बहुतेक वस्तू सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. मऊ ब्रश, जुने धुतलेले सुती कापड (धोतर सर्वांत उत्तम), कापूस, टर्पेंटाइन, डिनेचर्ड स्पिरिट, लाखेची चपडी (इथे चपडा म्हणून मागावी), सुताराचा सरस, अतिबारीक स्टील वूल, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मधमाशीचे मेण, सुई लावलेली इंजेक्शनची सिरिंज, दोन-चार क्लॅम्प आणि रबरी हातमोजे.

दोन सावधगिरी आधीच सांगतो. स्पिरिट विषारी असते आणि फार लवकर पेट घेते. काम मोकळ्या हवेत करावे. जवळ गॅस, उदबत्ती, समई नसावी. आणि आपल्या जुन्या रेकॉर्ड दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. त्याचे कारण मजेशीर आहे. पेटीचे पॉलिश लाखेचे आणि ७८ फेऱ्यांची जुनी तबकडीही लाखेची. पळस, कुसुम आणि बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्या मध्य भारताच्या जंगलांतही निघते. तबकडीत ती दगडाची बारीक भुकटी मिसळून दाबलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून ज्या स्पिरिटने पेटी उजळते, त्याच स्पिरिटने रेकॉर्ड पुसली तर तिच्यातले गाणे कायमचे जाते.

यंत्र बाहेर काढणे

पेटीवर काम करायचे तर यंत्र बाहेर हवे. सर्वांत आधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी. ब्रेक सोडून चकती आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावी. चावी भरलेली असताना मोटर उघडली तर पोलादी पट्टी झटक्याने सुटून हात कापू शकते. स्प्रिंग ज्या गोल डब्यात असते तो डबा घरी उघडू नये. ते काम जाणकाराचे.

नंतर साउंडबॉक्स काढून कापसात गुंडाळून ठेवावा. जुन्या साउंडबॉक्समधला पडदा अभ्रकाचा असतो आणि बोटाच्या धक्क्यानेही तडकतो. मग चावी, चकती आणि शेवटी मोटरची फळी. ही फळी कोपऱ्यांत स्क्रूने किंवा मागे बिजागरीने बसवलेली असते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पाकिटात घालून त्यावर जागा लिहावी. जुने स्क्रू हाताने बनवल्यासारखे थोडे लहान-मोठे असतात, त्यामुळे ज्याचा त्यालाच बसतो. बँकेत व्हाउचरांची गड्डी जशी तारीखवार लावतो, तशीच ही पाकिटे लावली की महिन्याभरानेही गोंधळ होत नाही.

कीड आहे का?

पेटीखाली आठवडाभर काळा कागद पसरून ठेवावा. लाकडाला बारीक भोके आहेत पण कागदावर भुसा पडला नाही, तर कीड जुनी आहे. पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा आत जिवंत आहे. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लाकूडकिडीचे औषध सिरिंजने एकेका भोकात सोडावे, पेटी प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून दोन-तीन आठवडे ठेवावी आणि पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी. हातमोजे आणि तोंडाला फडके आवश्यक. नातवंडांना या काळात जवळ येऊ देऊ नये. कीड गेल्याची खात्री झाल्यावरच भोके रंग मिसळलेल्या मेणाने बुजवावीत. आधी पॉलिश आणि मग कीड, असा क्रम झाला तर सगळे काम वाया जाते.

सांधे आणि विनियर

जुन्या पेट्या सरसाने जोडलेल्या असतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक कोमट पाण्याने सैल होतो आणि पुन्हा पकडतो. हीच त्याची मोठी सोय. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने जोडलेला सांधा आज आपण न मोडता उघडू शकतो आणि पुन्हा बसवू शकतो. म्हणून दुरुस्तीतही सरसच वापरावा. बाजारातला पांढरा गोंद मजबूत असतो, पण तो एकदा लाकडात मुरला की पुढच्या वेळी सांधा उघडताना लाकूडच फाटते आणि त्या जागी सरसही धरत नाही. खिळे तर मुळीच ठोकू नयेत.

सरसाचे दाणे त्यांच्या दुप्पट वजनाच्या थंड पाण्यात काही तास भिजत ठेवावेत. ते फुगले की भांडे दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावेत. उकळी आणू नये. साधारण ६० अंश पुरे. उकळलेल्या सरसाची पकड जाते. मधासारखा धार धरून पडला की तयार झाला असे समजावे. सैल सांध्यातला जुना सरस गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून काढावा, लाकूड वाळू द्यावे, गरम सरस लावून लगेच क्लॅम्प आवळावेत. क्लॅम्पच्या जबड्याखाली लाकडाची चकती ठेवावी, नाहीतर पेटीवर वण उठतो. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने तेव्हाच पुसावा. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढावेत. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही तिरक्या कोपऱ्यांचे अंतर दोरीने मोजावे. दोन्ही मापे सारखी आली की चौकट सरळ.

विनियर कडेला सुटले असेल तर पातळ सुरीने त्याखालची धूळ काढून सिरिंजने सरस सोडावा. मधोमध फुगा आला असेल तर आधी जुनाच सरस जागा करून पाहावा. फुग्यावर ओलसर सुती कापड, त्यावर कोमट इस्त्री क्षणभर, आणि लगेच मेणकागद ठेवून वजन. एवढ्याने बसले नाही तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर देऊन सरस भरावा. रेषांना आडवी चीर कधीही देऊ नये, ती नंतर झाकली जात नाही. इस्त्रीच्या उष्णतेने पॉलिशवर पांढुरका डाग पडू शकतो. तो कसा घालवायचा ते पुढे येईल.

स्वच्छता : अर्धे काम इथेच

पेटी काळी दिसते म्हणजे पॉलिश गेले असे नाही. तो कंदिलाचा धूर, हातांचे तेल, वर्षानुवर्षे लावलेले मेण आणि धूळ यांचा थर असतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. मग कापडावर थोडे टर्पेंटाइन घेऊन एका वेळी वीतभर जागा पुसावी. कापड तपकिरी-काळे होत जाईल. ते स्वच्छ निघेपर्यंत कापड बदलत राहावे. टर्पेंटाइनने मेण आणि चिकटा निघतो, लाखेला काही होत नाही. त्यानंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. विनियरवर पाणी रेंगाळू देऊ नये.

बहुतेक पेट्यांच्या बाबतीत इथे थांबून पाहावे. खालून मधाच्या रंगाचे लाकूड आणि मूळ पॉलिश बाहेर आलेले दिसेल. तसे असेल तर नुसते मेण लावून काम संपवावे. पन्नास ग्रॅम मधमाशीचे मेण किसून ते शंभर मिलिलिटर टर्पेंटाइनमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवावे. गॅस आधी बंद करावा आणि भांडे गच्चीत न्यावे. थंड झाल्यावर लोण्यासारखे मलम होते. पातळ लावून, अर्ध्या तासाने सुती कापडाने चमकवावे. जेवढे कमी काम, तेवढी पेटी अस्सल.

जुने पॉलिश कोणते ते ओळखणे

मेणाने भागले नाही तर पॉलिशची जात ओळखावी. तळाजवळ, न दिसणाऱ्या जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसावर तपकिरी रंग आला तर लाख. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने मऊ पडले तर लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर तेलाचे व्हार्निश किंवा कोणी नंतर मारलेला आधुनिक थर. पुढची पद्धत फक्त लाखेसाठी आहे. लॅकर किंवा व्हार्निश असेल तर स्वच्छता आणि मेण एवढ्यावरच समाधान मानावे.

जुने पॉलिश पुन्हा जागे करणे

लाखेचा मोठा गुण असा, की ती कितीही जुनी झाली तरी स्पिरिटने पुन्हा विरघळते. मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेले पॉलिश त्यामुळे खरवडून न काढता पुन्हा सपाट करता येते. चांगल्या मऊ ब्रशने निम्मे स्पिरिट आणि निम्मे पातळ लाखपॉलिश असे मिश्रण लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदाच फिरवावे. तीच जागा पुन्हा पुन्हा घासू नये. भेगांच्या कडा वितळून एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या दिवशी कडक झाल्यावर गरज वाटली तर पुन्हा एक हात.

गरम भांड्याचे किंवा ओलाव्याचे पांढरे डाग म्हणजे लाखेत अडकलेले बाष्प. कापडाचा बोळा स्पिरिटने जेमतेम ओलसर करून डागावरून विमान धावपट्टीला टेकून उडावे तसा हलकाच फिरवावा. दोन-तीन फेऱ्यांत डाग विरतो. काळे डाग मात्र लाकडात शिरलेले असतात, बहुधा लोखंड आणि पाण्यामुळे. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, पण ते विषारी आहे आणि वरचे पॉलिश काढल्याशिवाय ते डागापर्यंत पोचत नाही. माझे मत असे, की शंभर वर्षांच्या वस्तूवर एखादा काळा डाग शोभतो. राहू द्यावा.

नवे लाखेचे पॉलिश

एखाद्या बाजूचे पॉलिश उन्हाने किंवा पाण्याने पूर्ण गेले असेल तर तेवढ्याच बाजूला नवे पॉलिश करावे. काचेच्या बाटलीत अर्धा लिटर स्पिरिट घेऊन त्यात शंभर ग्रॅम चपडी टाकावी. अधूनमधून हलवत एक-दोन दिवस ठेवली की विरघळते. मलमलच्या कापडातून गाळावी. बाटलीवर तारीख लिहावी. पातळ केलेली लाख काही महिन्यांनी म्हातारी होते आणि मग नीट सुकत नाही. वापरण्यापूर्वी काचेच्या तुकड्यावर थेंबभर पसरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत असेल तर ती बाटली टाकून द्यावी.

लावण्यासाठी बोळा करायचा. मुठीएवढा कापूस धोतराच्या कापडात गुंडाळून खाली एकही सुरकुती राहणार नाही असा पिळून धरावा. पॉलिश आतल्या कापसावर ओतावे, कापडावर नाही. तळहातावर दाबून जास्तीचे काढून टाकावे. बोळा पृष्ठभागावर चालत्या हाताने टेकवायचा, चालत्या हाताने उचलायचा, मध्ये थांबायचा नाही. थांबला तिथे तो चिकटतो आणि खालचा थर उचलतो. आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे, शेवटी सरळ, अशा फेऱ्या घालाव्यात. बोळा अडखळू लागला तर त्याच्या तळाला बोटाने जवसाच्या तेलाचा एक थेंब लावावा.

एका बैठकीत दोन-तीन थरांपेक्षा जास्त देऊ नये. पहिल्या दिवशीच्या थरांनंतर चारशे नंबरच्या पेपरने अगदी हलके घासावे. असे चार-पाच दिवस चालले की खोल, शांत चमक येते. शेवटी नव्या बोळ्यावर नुसते थोडे स्पिरिट घेऊन झपझप सरळ हात फिरवले, की वर आलेले तेल निघून जाते. काम नसेल तेव्हा बोळा झाकणाच्या बरणीत ठेवावा, आठवडाभर मऊ राहतो.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

ऋतूही पाहावा. इंदूरच्या पावसाळ्यात लाखेचे पॉलिश करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि सगळे पॉलिश दुधाळ पडते. मे महिन्यातल्या दुपारी उलट अडचण. स्पिरिट इतक्या लवकर उडते, की बोळा पुढेच सरकत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ धरावी.

ठसा आणि धातूचे भाग

झाकणाच्या आत कुत्रा आणि कर्णा यांचे चित्र असलेला ठसा असतो. मूळ चित्र फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचे, आणि कुत्र्याचे नाव निपर. हा ठसा फार पातळ असतो. त्यावर फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवावा. स्पिरिट लागले तर कडेची लाख विरघळून ठसा निघून येतो. आसपास काम करताना त्याच्यापासून बोटभर अंतर सोडावे. नवे स्टिकर मिळतात, पण झिजलेला खरा ठसा नव्या स्टिकरपेक्षा केव्हाही मोलाचा.

बिजागऱ्या, कडी आणि चावीची चकती यांच्यावर बहुधा निकेलचा पातळ मुलामा असतो. देवघरातल्या भांड्यांची पावडर, चिंच किंवा लिंबू लावले तर मुलामा जाऊन खालचे पितळ उघडे पडते. मऊ कापडाला थोडे मशीनचे तेल लावून पुसणे पुरे.

रेक्झिनच्या सुटकेस-पेट्या

अनेक घरांत उभी लाकडी पेटी नसून हातात धरून नेण्याजोगी काळी पेटी असते. एचएमव्हीचे १०१ आणि त्यानंतर १९३१ मध्ये आलेले १०२ ही त्यातली प्रसिद्ध मॉडेल. यांचे लाकूड रेक्झिनसारख्या कापडाने मढवलेले असते. त्यावर स्पिरिट अजिबात चालत नाही. पावसाळ्यातली बुरशी आधी उन्हात कोरडी करून ब्रशने झटकावी, तीही घराबाहेर. मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे. घासलेल्या कडांना काळे बूटपॉलिश बोटाने लावून चमकवले तर फरक ओळखूही येत नाही. सुटलेले कापड मैद्याच्या खळीत किंचित मोरचूद घालून चिकटवावे. मोरचुदामुळे खळीला कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, उरलेली खळ फेकून द्यावी.

जागा आणि नोंद

काम झाले की पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून, कूलरच्या झोतात किंवा दुपारच्या उन्हात ठेवू नये. कूलरच्या दमट वाऱ्याने विनियर फुगते आणि उन्हाने लाखेचा रंग उडतो. पायांखाली चकत्या ठेवून ती जमिनीपासून थोडी उचलावी, म्हणजे वाळवी आली तर लगेच दिसते. वर कुंडी किंवा फुलदाणी ठेवू नये. वर्षातून एकदा मेणाचा हात पुरे.

शेवटचे काम कागदाचे. एका पोस्टकार्डावर लिहावे : यंत्र कोणाचे, घरात केव्हा आले, कोणती दुरुस्ती कोणत्या महिन्यात केली, कोणता सांधा सरसाने जोडला, कोणत्या बाजूला नवी लाख लावली. माहीत असेल तर घरात कोणाच्या रेकॉर्ड वाजत होत्या तेही. हे कार्ड पेटीच्या आत, मोटरच्या फळीखाली, पाकिटात घालून ठेवावे. आपल्यानंतर ही पेटी मुलीकडे पुण्याला जाईल किंवा नातवाकडे आणखी दूर. तिथे कोणी स्क्रू काढून आत पाहील, तेव्हा काय मूळचे आहे आणि काय आपण केलेले, हे त्याला कळले पाहिजे. खात्यावर नोंद असेल तर पुढच्या माणसाला हिशेब लागतो.